नदी किती लांब

आवटी बाईंनी विचारलं,
दुकानापासून नदी किती लांब?
मी म्हटलं, चाळीस फूट.
त्या लिहायला लागल्या तसं थांबवलं,
लांब नव्हे हो, उंच.
आयर्विन पुलाला चाळीस झाले की
कोपऱ्यावरच्या गटारीतनं वर यायला लागतं,
त्रेचाळीसला आमची पायरी,
सेहेचाळीसला काउंटर.
त्यापुढं मोजायला मी दुकानात नसतो.

फॉर्मात त्याला रकाना नव्हता.
होता तो मीटरचा.

मग सामान.
बॉडी दोन. एकीचे हप्ते अजून चालू,
दुसरीचं शटर अडीच लाख वेळा उघडलेलं,
म्हणजे अडीच लाख वेळा मी कुणाला तरी
हसा म्हटलं, आणि बरेच जण हसलेसुद्धा.
सत्तर-दोनशेची लेन्स, तिच्या रबरी पट्टीवर पिवळा डाग.
हा नवरीच्या हळदीचा की मार्केट यार्डाचा?
बाईंनी सहज विचारलं.
सांगलीत हे कसं सांगणार.

चोरी.
चोरी म्हणजे कुलूप तुटलेलं पाहिजे, त्या म्हणाल्या,
किंवा कडी, किंवा निदान काच.
कुपवाडच्या कार्यालयातनं माझा फ्लॅश गेला
तो फेटा बांधलेल्या एका माणसानं नेला,
जेवूनखाऊन, सावकाश.
मुलीकडच्यांना तो मुलाकडचा वाटला,
मुलाकडच्यांना मुलीकडचा.
खुर्चीवर ठेवला होता.
खुर्चीला कडी नसते.

त्यासाठी वेगळं कलम आहे, हप्ता वाढतो.
घसारा धरून घ्यायचं की नव्याची किंमत? हप्ता वाढतो.
पुराचं पाणी चालतं.
पाणी उतरल्यावर महिन्याभरानं
भिंगाच्या आत कोळ्याच्या जाळ्यासारखी धरते
ती बुरशी चालत नाही.
का?
ती हळूहळू येते, बाई म्हणाल्या,
हळूहळू आलेलं काहीच भरून मिळत नाही.
नियमच आहे तो.
आणि चष्मा पुसला त्यांनी.

अण्णांचा यशिका मी टेबलावर ठेवला.
नंबर झिजलेला, बिल कधी नव्हतंच.
शून्य लिहू की लिहूच नको?
दोन्हीत फरक आहे, मी म्हटलं, जरा थांबा.
थांबल्या. पंखा फिरत राहिला.

गेल्या पुरानंतर
शटरवरचा चिखल मी खरवडत होतो तेव्हा
दस्तगीर पखाली आले, हातात प्लास्टिकची पिशवी,
पिशवीत अल्बम, पानाला पान चिकटून वीट झालेला.
म्हणाले, फ्रिज गेला, गाद्या गेल्या, ते येतंय.
ह्यात आई कुठाय तेवढी काढून द्या.
हार्ड डिस्क वाचली होती
ती माझ्या हुशारीनं नव्हे.
बायकोनं उन्हाळ्यात रागानं
माझा सगळा पसारा माहेरी तासगावला नेऊन
गव्हाच्या पिंपामागं टाकला होता.
तिथं प्यायला पाणी नसतं, बुडायला कुठलं.
पंधरा दिवस मी नुसत्या आया काढून देत होतो.
आया, आजोबा, एका पोराचं जावळ.
पैसे कुणाकडनं घ्यायचे ते सुचेना.

त्याचं काय, बाई?
डिस्क फुटली तर चार हजार.
आतलं धरत नाहीत.

शेवटी खुणा केल्या.
पूर, हो. पडझड, हो.
खुर्चीवरनं गेलेलं, हो, जाऊ दे वाढला तर.
ड्रोन नको, अजून भाड्यानंच आणतो.
नव्याची किंमत.
यशिकाची ओळ कोरी.

पंधरा दिवसांनी पोस्टानं पॉलिसी आली,
नाव बरोबर, फक्त उपाध्येचं उपाध्याय.
नदीचं अंतर: चाळीस मीटर.
फोन केला तर म्हणाल्या, दुरुस्तीला पुन्हा फॉर्म भरावा लागेल.
नदी तशी अर्धा किलोमीटर आहे,
चालत गेलं तर.
राहू द्या म्हटलं.
ऑगस्टपर्यंत होईलच दुरुस्त.